उघडंच आहे

९ डिसेंबर १९९७, मंगळवार

आज संत लेओकादियाचा दिवस, म्हणजे आमच्या लेओकादियाबाईंचा नावदिवस, म्हणजे मला जाणं भागच होतं. वॉर्सॉहून सकाळची बस, मग दुसरी बस, मग तीन किलोमीटर चिखल आणि बर्फाचा काला तुडवत बाईंचं गाव, स्तारे गाव्री. हातात पाच कार्नेशन. सम संख्येत फुलं आमच्याकडे फक्त मयताला देतात; सहा नेली असती तर बाईंनी ती माझ्याच थडग्यासाठी राखून ठेवली असती.

बाई एकोणसत्तर वर्षांच्या. चौतीस वर्षं त्यांनी या भागातल्या नऊ गावांत सायकलवरून टपाल वाटलं. माझं पहिलं पुस्तक त्यांच्यावर आहे. गेली अठरा वर्षं मी वर्तमानपत्रासाठी रिपोर्ताज लिहितोय, म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचं बोलणं उतरवून घेतोय, आणि ज्या कागदावर ते छापलं त्यात दुसऱ्या दिवशी हेरिंग मासे बांधले गेले. आता एक्केचाळिसाव्या वर्षी पुस्तक होतंय. हे फसलं तर उरलेलं आयुष्य नगराध्यक्षांच्या मुलाखती घेण्यात जाणार.

माझा टेपरेकॉर्डर बाईंनी नेहमीप्रमाणे पावाच्या डब्यात ठेवला. तो टक लावून बघतो म्हणतात. मग बटाट्याची बाबका झाली, चेरीची घरगुती दारू झाली, शेजारणी आल्या, गायल्या, गेल्या. उरलो आम्ही दोघं. मीही जरा बोललो. समोरच्याला खुलवायचं तर स्वतःचं थोडं सांगावं लागतं, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. बाई हनुवटीखाली हात धरून ऐकत होत्या, आणि मधूनमधून एका निळ्या वहीत काहीतरी खरडत होत्या. किराण्याची यादी असावी.

परतीच्या बसमध्ये माझी वही उघडली तर शेवटच्या पानावर, माझ्याच डगमगत्या अक्षरात, एक वाक्य:

‘दार उघडणारा माणूस नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असतो.’

वाचून अंगावर काटा आला. चौतीस वर्षं दारोदार हिंडलेली बाई, आणि काय बोलून गेली! अशा एका वाक्यासाठी आम्ही लोक दहा-दहा वर्षं दुसऱ्यांचं सूप पीत बसतो.

(आईला फोन करायचा राहिला.)

१२ डिसेंबर

प्रकाशनातल्या बोग्नाला वाक्य दाखवलं. बोग्ना माझी संपादिका. तिला गेल्या सहा वर्षांत काहीही आवडलेलं नाही. तिने चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाली, हेच पुस्तकाचं नाव. मुखपृष्ठावर वाक्य, खाली बाईंची सही छापायची.

मी दिवसभर हवेत.

११ जानेवारी १९९८, रविवार

रादोमहून आईचा फोन. परवा माझा नावदिवस होता, तिने खसखशीच्या सारणाची गोड गुंडाळी केली होती, मी गेलो नाही. काम होतं म्हटलं. ती म्हणाली, काम असायलाच हवं, गुंडाळी फ्रीजरमध्ये आहे, तिला कुठे पाय आहेत. मग तिच्या गुडघ्याचं सांगितलं, चौथ्या मजल्याचं सांगितलं, लिफ्ट कधी बसवणार ते नगरपालिकेला विचारून लिही म्हणाली. मी बरं म्हटलं. आमचे फोन साधारण चार मिनिटांचे असतात. आई तशी बोलकी नाही. निदान माझ्याशी तरी.

२० जानेवारी

बाईंचं पत्र. मायना: ‘आदरणीय संपादकसाहेब’. मी संपादक नाही, कधी होणारही नाही, पण आमच्या देशात वर्तमानपत्रात कोपऱ्यात बसणाऱ्यालाही लोक संपादकसाहेबच म्हणतात. पत्रात एवढंच, की माझ्या तोंडचं जे काही छापणार ते आधी मला दाखवा, कायदा आहे.

आहे खरा. माणसाचं बोलणं अवतरणात छापायचं आणि त्याने बघायला मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. मंत्री या कायद्याचा उपयोग ‘तो गाढव आहे’ याचं ‘ते माझे सन्माननीय सहकारी आहेत’ करायला करतात. पण बाईंना कोणी शिकवलं? खाली ताजा कलम: ‘सही घेतल्याशिवाय मी जन्मात कधी रजिस्टर दिलं नाही.’

३१ जानेवारी, शनिवार

एकशे बारा पानं घेऊन गेलो. बाईंनी टेबल पुसलं, तेलकापड पुसलं, हात पुसले आणि टपाल खात्याची जुनी पेन्सिल काढली. टोक जिभेला लावलं की जांभळं लिहिते ती. तिसऱ्या पानापर्यंत बाईंची जीभ जांभळी.

बदल विचित्र. ‘नवरा’ खोडून ‘माझा तो’. कुत्रा चावला ते तीनदा नाही, चारदा. चौथ्यांदा पाद्रीबुवांचा होता म्हणून तेव्हा बोलले नव्हते, आता पाद्री बदलले. आडनावं काढली. जिचं प्रेमपत्र चार दिवस उशिरा पोचलं तिचं गावही काढलं. बाकी प्रत्येक पानाखाली सही, झोकदार, रजिस्टरवर करतात तशी. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग वाक्याचं पान आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. पेन्सिल चाटली आणि समासात लिहिलं: ‘पत्ता चुकला. परत.’

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“हे मी बोलले नाही, संपादकसाहेब.”

“बाई, माझ्या वहीत आहे.”

“वहीत असेल. मी बोलले नाही.”

वय झालंय बिचारीचं. दारूही होती त्या दिवशी. विसरल्या असणार. मी समजूत घातली, किती सुंदर वाक्य आहे ते सांगितलं. सुंदर आहेच, म्हणाल्या, म्हणून तर हरवून चालणार नाही. याचा अर्थ काय ते देव जाणे. पुन्हा या, बघू, म्हणाल्या. वर पनीरचा गोळा बांधून दिला.

१४ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. आज मोठी मौज झाली. बाईंनी वाक्याचं नावच काढू दिलं नाही. रबरी बूट चढवले आणि म्हणाल्या, चला, जरा पाय मोकळे करू.

पहिलं घर गवंड्याचं. बाई मला म्हणाल्या, ठोठावा. ठोठावलं. आतून आवाज: “उघडंच आहे!” आत गेलो, चहा प्यालो. दुसरं घर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. ठोठावलं. “उघडंच आहे!” चहा, वर बिस्किटं. तिसरं घर एका आजोबांचं. त्यांना ऐकू येत नाही, पण खिडकीतून बूट दिसले म्हणून आमच्या ठोठावण्याआधीच ओरडले. तिसरा चहा. कोणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही.

दरवेळी बाहेर पडताना बाई माझ्या तोंडाकडे बघायच्या, शाळेतली मास्तरीण फळ्यावर गणित घालून बघते तशा. शेवटी फाटकाशी थांबून विचारलं, “काय दिसलं?”

मी म्हटलं, माणसं फार प्रेमळ आहेत.

बाईंनी सुस्कारा टाकला. “अठरा वर्षं करताय ना हे काम?”

छान फेरफटका. बर्फ वितळतंय, फळ्यांची कुंपणं ओली. या फेरफटक्यावर दोन पानं सहज होतील. सही मात्र नाही.

२३ फेब्रुवारी

बोग्ना पेटली आहे. मुखपृष्ठ तयार, छापखान्याची तारीख पाच मार्च. मी म्हटलं, अवतरण काढू, वाक्य माझ्या निवेदनात घालू. ती म्हणाली, “तुझ्या तोंडी ते वाक्य म्हणजे शहाणपणा. तिच्या तोंडी सोनं.” लागलं, पण खरं आहे. मग तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, बाईंची सही एकशे अकरा पानांवर आहे ना, मग एकशे बारावी कशी दिसेल याची कल्पना येतच असेल. एवढं बोलून ती दुसऱ्या खोलीत गेली.

२६ फेब्रुवारी

स्टेशनरीच्या दुकानात ती जांभळी पेन्सिल अजून मिळते.

परवा घरी येऊन चौदा वेळा सही केली. बारावी इतकी जमली की बाई स्वतः फसल्या असत्या. पंधराव्यांदा खऱ्या पानावर टेकवायला गेलो आणि बेसिनवरच्या आरशात दिसलं, ओठ, जीभ, दात, सगळं जांभळं. चोरून जांभळं खाल्लेल्या पोरासारखा अवतार. टूथपेस्टने जात नाही. व्होडकानेही नाही.

मी अजून इतका खाली उतरलेलो नाही. कागद जाळले. ऑफिसात दोन दिवस तोंड मिटून वावरलो; सगळे म्हणाले, सेवेरिन किती गंभीर झालाय, पुस्तकामुळे असणार.

शनिवारी शेवटचं जाऊन बघतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सावकाश लिहायला हवं.

मी सगळं कबूल केलं, पेन्सिलीसकट. बाईंना राग येईल वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘लेओकादिया’मधला ‘ल’ जमला का. म्हटलं जमला. म्हणाल्या, तो मला स्वतःला शिकायला एक वर्ष लागलं होतं.

मग उठून पावाचा डबा उघडला. टेपरेकॉर्डरच्या शेजारून निळी वही काढली. किराण्याची यादी नव्हती. पहिल्या पानावर माझं नाव, आडनाव, वॉर्सॉचा पत्ता पिनकोडासकट. पुढे तारखा. मी इथे आलो तो प्रत्येक दिवस. काय खाल्लं, काय टाकलं, कुठे गप्प झालो.

“तुम्ही माझं लिहिता,” त्या म्हणाल्या, “म्हटलं, तुमचं कोण लिहिणार? मोजून अकरा भेटी आहेत. नऊ डिसेंबर वाचते.”

त्यांनी वाचलं ते असं. मी सांगितलं होतं, की नऊ वर्षांचा असताना बाप शिकागोला गेला, काकाकडे, सहा महिन्यांसाठी. आलाच नाही. की मी रोज शाळेतून यायचो, बेल वाजवायचो, आई दार उघडायची, आणि मला बघून तिचा चेहरा पडायचा. रोज. कितीतरी वर्षं. की म्हणून मी आजही कुणाच्या दारावर ठोठावलं की आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो. त्याखाली ते वाक्य. बाईंच्या वहीत, सरळ अक्षरात, कंसात एक नोंद: ‘इथे त्यांनी स्वतःची वही मागितली आणि लिहून घेतलं.’

माझं वाक्य. माझ्याच तोंडचं. मी ते बाईंच्या तोंडी घालून महिनाभर त्यांच्याकडे सही मागत होतो.

“मला कोणी दार उघडलंच नाही कधी,” बाई म्हणाल्या. “चौतीस वर्षांत एकदाही नाही. आमच्याकडे उघडंच असतं. तुम्हाला घरोघर नेऊन दाखवलं, तुम्ही बिस्किटं खाल्लीत.”

मी विचारलं, पहिल्याच दिवशी स्पष्ट का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्र आम्ही फोडत नाही. परत पाठवतो. ज्याचं त्याने फोडायचं.”

मग वही माझ्याकडे सरकवली, पेन्सिल दिली. “वाचा. खोटं असेल ते खोडा. खरं असेल तर खाली सही.”

मी पेन्सिल जिभेला लावली. सही होईना. शेवटी म्हणालो, मला हे तपासायला हवं. अठरा वर्षं मी नव्या पोरांना सांगत आलोय, एका माणसाच्या सांगण्यावर काही छापू नका, दुसऱ्याला विचारा. आणि हे मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नव्हतं.

“तपासा की,” बाई म्हणाल्या. “रविवारी गाड्या असतात रादोमला.”

वही बरोबर दिली. सही करून परत पाठवायच्या बोलीवर.

१ मार्च, रविवार, रादोम

चार मजले चढलो. बेल वाजवली. आत सपाता घासल्याचा आवाज, कडी, साखळी, दुसरी कडी. आईने दार उघडलं.

आणि तिचा चेहरा पडला. अगदी तोच. बत्तीस वर्षांत तसूभर बदलला नव्हता. मी खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागलो, घर म्हटलं की आधी बूट. पण या खेपेला मध्येच मान वर केली. कामाची सवय म्हणा.

आई हसत होती. सगळा चेहरा सैल झालेला, एक हात छातीवर.

“सेवेक होय,” म्हणाली. “मेल्या, फोन नाही करायचा?”

सूप गरम केलं, गुंडाळी फ्रीजरमधून काढून ओव्हनवर ठेवली. मी वही पुढे केली आणि म्हटलं, आई, हे वाच, खोटं असेल ते खोड. तिने चष्मा शोधला. तो रेडिओवर असतो, दारापासून घराच्या दुसऱ्या टोकाला. बराच वेळ वाचलं. माझा चमचा सूपमध्ये तसाच.

“हे कोणी लिहिलं?”

“एका पोस्टमन बाईंनी.”

“अक्षर चांगलंय,” आई म्हणाली. “पण माहिती अर्धवट आहे. मी तुझ्या बापाची वाट बघायचे? मी? अरे, तो गेला त्या दिवशी मी सगळ्या खिडक्या उघडल्या. तो परत येईल की काय याची धास्ती असायची मला. चष्मा लावून कोण दार उघडतं? दारात काहीतरी उभं दिसायचं, धूसर. आणि तू दर वर्षी उंच होत चाललेला, त्याच्याच खांद्यांचा. वाटायचं, आला परत. मग कळायचं की तू आहेस, आणि जीव भांड्यात पडायचा.”

“ते मला कधी दिसलं नाही.”

“कसं दिसणार? तोवर तू खाली वाकून नाड्या सोडत असायचास.”

मला रडू आलं. सरळ लिहितो, आलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस बिटाच्या सूपमध्ये रडला. आईने एवढंच विचारलं, मीठ कमी आहे का. मग तिने माझ्या बॅगेतली जांभळी पेन्सिल उचलली, जिभेला लावली आणि वहीतल्या त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली. खाली सही केली: रेगिना, आई.

सहा तास बसलो. आई बोलकी नाही हे मी कुठून काढलं होतं कोण जाणे.

३ मार्च

बोग्नाला सांगितलं, वाक्य पुस्तकात नाही. बाईंच्या तोंडीही नाही, माझ्याही नाही.

“का? वाक्य उत्तम आहे.”

“उत्तम आहे. खरं नाही.”

तिने मला बराच वेळ शिव्या दिल्या, त्यातल्या काही मी उतरवून घेतल्या. छापायच्या झाल्या तर तिला दाखवाव्या लागतील. मग शांत झाली आणि विचारलं, परवा छापखान्यात काय पाठवू, कोरं मुखपृष्ठ? मी तिला चौदा फेब्रुवारीची दोन पानं दिली. तीन घरं, तीन चहा. तिने चष्मा काढला. पुन्हा घातला. नवं नाव तिनेच लिहिलं.

बाईंना तार केली. उत्तर आलं: ‘“उघडंच आहे” हे मी हजारदा ऐकलं आहे. सही करते.’

८ मार्च, रविवार

महिला दिन. देशातला प्रत्येक पुरुष हातात फुलं घेऊन रेल्वेत बसलेला. मीही, पाच कार्नेशन, रादोमला. या खेपेला आईला आधी फोन केला होता.

निळी वही काल टपालाने स्तारे गाव्रीला परत पाठवली, रजिस्टर करून. नऊ डिसेंबरच्या पानावर, आईच्या खाली, माझीही सही आहे. ‘तपासलं, दुरुस्त केलं.’

चार मजले चढलो. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली म्हणून जिन्याचा कठडा धरून जरा उभा राहिलो, मग वर गेलो. शहरातली इमारत, दाराला दोन कड्या, एक साखळी. फुलं डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं बोट बेलकडे नेलं.

ते टेकायच्या आधीच आतून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला:

“उघडंच आहे!”